ड्युशेनमध्ये एक्सॉन स्किपिंगचं औषध चाललं की नाही, हे तपासायचं कसं

हे मी दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहितेय. एक म्हणजे एमएस्सी-पीएचडीची मुलं, ज्यांच्या हातात गाईडने अँटिसेन्सचा (आरएनएला चिकटणाऱ्या छोट्या कृत्रिम तुकड्यांचा, म्हणजे ऑलिगोंचा) प्रोजेक्ट दिलाय आणि वर एवढंच सांगितलंय की "ऑलिगो आलेत, बघ चालतात का". दुसरे म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रोफी, म्हणजे डीएमडी, हा स्नायू झिजत जाणारा आजार असलेल्या मुलांचे आईबाबा, ज्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखी कुठल्यातरी नव्या औषधाची बातमी येते आणि मग रात्रभर झोप नाही. दोघांचा प्रश्न खरं तर एकच आहे, "चाललं" हे ठरवायचं कशावर. लॅबवाल्यांनी पहिल्यापासून वाचा. आईबाबांनी सेल आणि पीसीआरचा भाग सोडून डायरेक्ट वेस्टर्न ब्लॉटपाशी (प्रोटीन मोजायची पद्धत) आलात तरी चालेल, तो मात्र सोडू नका.

माझा नियम एकच आहे आणि तो मी खाली सगळीकडे वापरणार आहे: प्रत्येक पायरीवर आधी विचारायचं, औषध साफ बेकार असतं तर मला इथे काय दिसलं असतं? उत्तर "हेच दिसलं असतं" असं येत असेल तर ती टेस्ट करून उपयोग नाही, कितीही महागडं मशीन वापरलेलं असो.

आधी कागद-पेन घ्या

डिस्ट्रोफिन हे स्नायूंना मजबूत ठेवणारं प्रोटीन, त्याचं जीन एक्स क्रोमोसोमवर आहे म्हणून आजार बहुतेक मुलग्यांना होतो. जीन प्रचंड मोठं आहे, साधारण २२ लाख बेसेस (अक्षरं), ७९ एक्सॉन (शेवटच्या आरएनएमध्ये राहणारे तुकडे), आणि एवढं सगळं कापून-जोडून जो आरएनए उरतो तो फक्त १४ हजार बेसेसचा. निम्म्याहून जास्त मुलांमध्ये एक किंवा अनेक एक्सॉन गायब असतात. आता गंमत अशी की किती गायब झालं यापेक्षा उरलेलं तीन-तीनच्या हिशोबात बसतं का हे महत्त्वाचं. बसलं तर प्रोटीन मधून आखूड होतं पण शेवटपर्यंत बनतं आणि बहुतेक वेळा सौम्य आजार होतो, बेकर. नाही बसलं तर वाचन मध्येच थांबतं आणि ड्युशेन. हा नियम १९८८ पासून माहीत आहे, त्याला अपवाद आहेत, पण काम सुरू करायला पुरेसा आहे.

उदाहरण घेऊ. एका मुलाचे ४८, ४९, ५० हे एक्सॉन नाहीयेत. ४८ ची लांबी १८६, ४९ ची १०२, ५० ची १०९. बेरीज ३९७, तीनने भागलं की एक उरतो, म्हणजे फ्रेम, तो तीन-तीनचा हिशोब, बिघडली. आता एक्सॉन ५१ पण वगळला, तो २३३ चा आहे, तर बेरीज ६३०, तीनने पूर्ण भाग जातो. झालं, फ्रेम परत आली. एक्सॉन स्किपिंगचं औषध एवढंच करतं, आरएनए जोडला जात असताना ५१ वर जाऊन बसतं आणि पेशीची मशिनरी त्याला ओलांडून पुढे जाते. डीएनए आहे तसाच राहतो, म्हणून औषध परत परत द्यावं लागतं. ज्याचा फक्त ५२ नाही त्याला तर दोन रस्ते आहेत, ११८ अधिक ५१ चे २३३ म्हणजे ३५१, किंवा ११८ अधिक ५३ चे २१२ म्हणजे ३३०, दोन्हीला भाग जातो. सगळी डीएमडीची मुलं धरली तर ५१ वगळून फायदा होऊ शकेल अशी साधारण १३ टक्के, ५३ आणि ४५ ची प्रत्येकी ८ टक्क्यांच्या आसपास.

म्हणून पहिली टेस्ट औषधाची नाहीच, रिपोर्टची आहे. एमएलपीएचा (कुठला एक्सॉन आहे, कुठला नाही हे मोजणारी डीएनए टेस्ट) रिपोर्ट हवा ज्यात ७९ च्या ७९ एक्सॉन बघितलेत. जुन्या मल्टिप्लेक्स पीसीआरमध्ये ठरावीकच एक्सॉन बघायचे, त्यामुळे डिलिशन (गायब भाग) नक्की कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळायचं नाही, आणि टोक एका एक्सॉनने जरी चुकलं तरी वरचं सगळं गणित कोसळतं. एमएलपीएमध्ये एकच एक्सॉन गायब दिसत असेल तर तो वेगळ्या पद्धतीने परत तपासून घ्या, कारण प्रोब जिथे बसतो तिथे एखादा छोटा बदल असला तरी एक्सॉन गायब असल्यासारखा दिसतो.

अजून एक काम आत्ताच करून ठेवा. ४८ ते ५० नसलेल्या मुलात ५१ वगळला की तो ४८ ते ५१ नसलेला होतो. तर मग ज्या बेकरच्या पेशंटमध्ये जन्मापासून ४८ ते ५१ नाहीये ते शोधा, म्हणजे पेपरमध्ये शोधा. ते कसे आहेत, किती वयापर्यंत चालतात, त्यांचं डिस्ट्रोफिन किती. तुमचं औषध शंभर टक्के चाललं तरी याच्या पुढे जाणार नाही, ही वरची हद्द झाली. हे न बघता प्रोजेक्ट सुरू करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

ऑलिगो मागवताना

एकटा ऑलिगो मागवू नका. त्याच लांबीचा, तीच अक्षरं पण उलटसुलट क्रमाने असलेला स्क्रॅम्बल्ड कंट्रोल हवाच, आणि जमलं तर दोन-चार अक्षरं बदललेला मिसमॅच पण. पैसे वाचवायचे म्हणून हे गाळलं तर पुढे रिव्ह्यूअर विचारणार आणि तेव्हा सगळं परत करावं लागणार.

केमिस्ट्रीचा मुद्दा इथे येतो. आतापर्यंत अमेरिकेत मान्यता मिळालेली चारही औषधं, एटेप्लिरसेन (एक्सॉन ५१, २०१६), गोलोडिरसेन (५३, २०१९), विल्टोलार्सेन (५३, २०२०) आणि कॅसिमर्सेन (४५, २०२१), ही मॉर्फोलिनो म्हणजे पीएमओ आहेत. पीएमओवर चार्ज नसतो. त्यामुळे लिपोफेक्टामिनसारख्या, ऑलिगो पेशीत नेणाऱ्या लिपिडना तो चिकटतच नाही, त्याला नुसतं मीडियममध्ये जास्त डोसने, म्हणजे मायक्रोमोलरमध्ये सोडावं लागतं किंवा त्याला पेशीत नेणारं एंडो-पोर्टर वापरावं लागतं. याउलट टू-ओ-मिथाइल फॉस्फोरोथायोएट हा चार्ज असलेला, तो लिपिडबरोबर नॅनोमोलरमध्ये सुद्धा आत जातो. तर "आम्ही दोन्ही १०० नॅनोमोलरला लावले आणि पीएमओ फेल गेला" असं कोणी म्हणालं तर तो पीएमओ पेशीत गेलाच नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

पेशी कुठल्या

पेशंटच्या बायोप्सीतले मायोब्लास्ट (स्नायू बनवणाऱ्या कोवळ्या पेशी) सगळ्यात चांगले पण ते थोडेच पॅसेज टिकतात आणि लहान मुलाच्या स्नायूचा तुकडा मागणं सोपं नाही. त्यामुळे लोक अमर केलेल्या मायोब्लास्ट लाइन वापरतात, ज्यात टेलोमरेज आणि सीडीके-४ घातलेलं असतं, किंवा त्वचेच्या फायब्रोब्लास्टमध्ये मायोडी (पेशीला स्नायू बनवणारं जीन) घालून त्यांना स्नायूच्या वाटेला लावतात, किंवा आयपीएससी (कुठलीही पेशी बनू शकतील अशा केलेल्या पेशी) घेतात. लघवीतून पेशी काढून त्यांना मायोडी देऊन स्नायूसारखं बनवायची पद्धत पण जपानच्या गटाने दाखवलीये आणि मला स्वतःला ती फार आवडते कारण मुलाला सुईसुद्धा टोचावी लागत नाही. काहीही घ्या, पण एथिक्स कमिटीची परवानगी आणि पालकांची संमती आधी, पेशी नंतर.

डिस्ट्रोफिन हे स्नायू पिकल्यावर बनतं. मायोब्लास्ट नुसते वाढत असताना टेस्ट लावली तर काही दिसणार नाही, आधी त्यांना सीरम कमी करून डिफरेन्शिएट करायचं, म्हणजे स्नायूत बदलायचं, लांब मायोट्यूब (जुळून बनलेल्या स्नायूपेशी) दिसायला लागल्या की मग ऑलिगो, आणि आरएनए दोन-तीन दिवसांनी, प्रोटीन अजून काही दिवसांनी. प्रत्येक प्लेटमध्ये मायोसिनचं स्टेनिंग करून किती टक्के पेशी खरंच मायोट्यूबमध्ये गेल्या ते मोजा. प्लेटच्या ज्या विहिरीत (खळग्यात) डिफरेन्शिएशन चांगलं झालं तिथे डिस्ट्रोफिन जास्त दिसणारच, त्यात ऑलिगोचं कर्तृत्व शून्य.

आणि हो, एकाच प्लेटच्या तीन विहिरी म्हणजे एन इक्वल टू थ्री नाही. वेगवेगळ्या दिवशी वितळवलेल्या, वेगवेगळ्या डिफरेन्शिएट केलेल्या तीन बॅच म्हणजे तीन. शक्य असेल तर दोन-तीन वेगळ्या पेशंटच्या पेशी, आणि एक अशा मुलाच्या ज्याला या ऑलिगोने फायदा व्हायला नकोच. तिथेही आरएनएमध्ये स्किपिंग दिसेल, कारण एक्सॉन ५१ त्याच्याकडेही आहे, पण प्रोटीन यायला नको. आलं तर तुमची अँटिबॉडी खोटं बोलतेय.

पीसीआर: सोपा दिसतो, फसवतो

पीसीआर म्हणजे दोन प्रायमरच्या मधला तुकडा वाढवून बघणं. ४८ ते ५० नसलेल्या पेशीत एक प्रायमर ४७ मध्ये आणि दुसरा ५२ मध्ये ठेवायचा. स्किप झालं नाही तर मोठा बँड, झालं तर बरोबर २३३ बेसेसने छोटा. जेलवर दोन बँड दिसतात, इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये डेन्सिटी मोजली, छोटा भागिले दोन्हींची बेरीज, "७० टक्के स्किपिंग!" आणि लॅब मीटिंगला टाळ्या.

थांबा जरा. छोटा तुकडा पीसीआरमध्ये मोठ्यापेक्षा जास्त जोमाने वाढतो, आणि नेस्टेड पीसीआर केला, म्हणजे दोनदा वाढवलं, तर हा पक्षपात अजून फुगतो. वर इथिडियम मोठ्या तुकड्याला जास्त चिकटतं ते वेगळंच, त्याची दुरुस्ती नाही केली तर आकडा तिसरीकडेच. म्हणून सायकल कमी ठेवा, नेस्टेड टाळा, आणि आकडा छापायचा असेल तर डिजिटल पीसीआर करा, एक प्रोब ५१-५२ च्या सांध्यावर आणि एक ४७-५२ च्या सांध्यावर. जेल फोटोसाठी ठेवा.

दुसरी फसवणूक याहून बेरकी आहे आणि नवीन मुलांना कोणी सांगत नाही. पेशी फोडल्या की त्यात उरलेला ऑलिगो आरएनएबरोबर ट्यूबमध्ये येतो, आणि तो ५१ ला घट्ट चिकटणारा असल्यामुळे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनच्या (आरएनएचा डीएनए करायच्या) किंवा पीसीआरच्या वेळी मोठ्या तुकड्याला वाढूच देत नाही. मग मोठा बँड फिका होतो आणि स्किपिंग झाल्यासारखं वाटतं, जे पेशीत झालेलंच नाही. हे पकडायचं कसं, तर ऑलिगो न दिलेल्या पेशी घ्या, फोडतानाच त्या बफरमध्ये ऑलिगो टाका, आणि पुढचं सगळं नेहमीसारखं करा. टक्केवारी बदलायला नको. बदलली तर आधीचे सगळे आकडे संशयित. जनावरांच्या टिश्यूमध्ये डोस मोठा असतो तेव्हा हा कंट्रोल अजून जास्त गरजेचा.

छोटा बँड कापून सँगरने सिक्वेन्स कराच. ४७ ला ५२ थेट जोडला गेलाय ना, हे अक्षरं वाचून बघायचं. कधी कधी एक्सॉनच्या आतली एखादी लपलेली स्प्लाइस साइट जागी होते आणि अर्धवट तुकडा कापला जातो, जेलवर बँड जवळजवळ त्याच जागी पण फ्रेम भलतीच.

डोस एकच लावू नका, पाच-सहा लावा. डोस वाढला की स्किपिंग वाढायला हवं, स्क्रॅम्बल्डमध्ये नाही वाढायला हवं. आणि त्याच वेळी पेशी मरतायत का तेही बघा, कारण मरणाऱ्या पेशींचा आरएनए काहीही दाखवू शकतो.

वेस्टर्न ब्लॉट, इथे खरी गोष्ट सुरू होते

आरएनए ५० टक्के बदलला म्हणजे प्रोटीन ५० टक्के आलं असं नसतं. आरएनए किती टिकतो, प्रोटीन किती टिकतं, सगळ्यांचा वेग वेगळा. म्हणून प्रोटीन मोजायचं, आणि हे प्रोटीन मोजायला त्रासदायक आहे, ४२७ किलोडाल्टनचं, नेहमीच्या १० टक्के जेलमध्ये ते विहिरीच्या तोंडाशीच बसून राहतं. ३ ते ८ टक्क्यांचं ट्रिस-ॲसिटेट ग्रेडियंट जेल घ्या, ट्रान्सफर ओला, रात्रभर, थंडीत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टँडर्ड कर्व्ह त्याच ब्लॉटवर. निरोगी स्नायूचं प्रोटीन घ्यायचं आणि ते औषध न दिलेल्या डीएमडी स्नायूच्या प्रोटीनमध्ये पातळ करायचं, ०, १, २.५, ५, १० टक्के असं. नुसत्या बफरमध्ये पातळ करू नका, नाहीतर प्रत्येक लेनमध्ये एकूण प्रोटीन वेगळं होतं. आणि शून्याची लेन ठेवाच ठेवा. तिथे काहीतरी फिकट दिसत असेल तर ते तुमच्या मोजमापाचं तळ आहे आणि त्याच्या खालचा कुठलाही आकडा लिहायचा नाही. लोडिंगसाठी अल्फा-ॲक्टिनिन किंवा मायोसिन वापरा, म्हणजे स्नायूचं प्रोटीन. पेशंटच्या बायोप्सीत चरबी आणि तंतू भरपूर असतात, एकूण प्रोटीनवर हिशोब केला तर ज्याच्या तुकड्यात चरबी कमी तो उगाच चांगला दिसतो. अँटिबॉडी ज्या भागाला पकडते तो भाग तुमच्या वगळलेल्या एक्सॉनमधून येत नाही ना, हेही बघून घ्या.

आता आईबाबांसाठी, यातून आकडे कसे निघतात ते बघा. एटेप्लिरसेनचा पहिला गाजलेला अभ्यास १२ मुलांचा होता. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेले स्नायूचे तंतू मोजले तेव्हा जवळपास अर्धे तंतू डिस्ट्रोफिन-पॉझिटिव्ह असं छापलं गेलं आणि जगभर बातमी झाली. नंतर जेव्हा नीट कंट्रोल लावून वेस्टर्न केलं तेव्हा १८० आठवड्यांनंतर सरासरी निघाली निरोगी स्नायूच्या ०.९३ टक्के. दुसऱ्या एका अभ्यासात, ज्यात औषधाच्या आधीची बायोप्सी पण होती, ०.१६ वरून ४८ आठवड्यांत ०.४४ झालं. लोकांना वाटतं यातला एक आकडा खोटा आहे. तसं नाही. शंभर घरांच्या सोसायटीत पन्नास घरांत दिवा लागलाय असं मोजलं, पण प्रत्येक घरात झिरोचा बल्ब आहे, तर "अर्धी सोसायटी उजळली" हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर आणि वीजबिल मात्र किरकोळ. पॉझिटिव्ह तंतूंची टक्केवारी आणि एकूण प्रोटीनची टक्केवारी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत "टक्के" दिसलं की पहिला प्रश्न, कशाचे टक्के?

त्यात अजून एक गोम. डीएमडीच्या मुलांच्या स्नायूत औषध न घेताही अधूनमधून काही तंतू आपोआप डिस्ट्रोफिन बनवतात, त्यांना रिव्हर्टंट म्हणतात, बहुतेक ते घोळक्याने असतात. म्हणून औषधाच्या आधीची बायोप्सी नसेल तर नंतरची एकटी फार काही सांगत नाही. आणि स्लाइड मोजणाऱ्याला कुठली आधीची, कुठली नंतरची हे माहीत नसावं.

बाकी औषधांचे आकडे पण देऊन टाकते, गोलोडिरसेन ०.१० वरून १.०२ टक्के, कॅसिमर्सेन ०.९३ वरून १.७४, विल्टोलार्सेन ०.६ वरून ५.९. पण हे एकमेकांशेजारी ठेवून "सहा पट चांगलं" असं म्हणू नका, कारण डोस वेगळे, मुलं वेगळी, बायोप्सीची वेळ वेगळी.

उंदीर

एमडीएक्स उंदीर १९८४ पासून आहे, त्याच्या एक्सॉन २३ मध्ये स्टॉप आलाय. तो स्वस्त, सोपा, आणि दिसायला बऱ्यापैकी धडधाकट, हीच त्याची अडचण. तीन-चार आठवड्यांचा असताना स्नायू जोरात मरतात, मग भरून येतात. तर तुम्ही चौथ्या आठवड्यात औषध दिलं आणि दहाव्यात "सुधारणा" दिसली तर ती औषध न देता पण दिसलीच असती. प्रत्येक वयाला औषध न दिलेला गट बरोबर चालवा, एकाच लिंगाचे उंदीर घ्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडा, आणि ग्रिप स्ट्रेंग्थ मोजणाऱ्याला पिंजऱ्याचा कोड सोडून काही सांगू नका. ग्रिपचा आकडा पकडणाऱ्याच्या हातावर फार असतो. डायफ्रामचा तुकडा नक्की काढा, एमडीएक्समध्ये तोच सगळ्यात खराब असतो, आणि हृदय पण, कारण साधा पीएमओ हृदयात जवळजवळ जात नाही आणि पेपरमध्ये ते शेवटच्या सप्लिमेंटरी फिगरमध्ये लपवलेलं असतं.

माणसाचा ऑलिगो उंदराच्या जीनला बसत नाही. एमडीएक्समध्ये २३ चा ऑलिगो चालला यावरून फक्त केमिस्ट्री स्नायूत पोचते एवढं कळतं, तुमचा ५१ चा सिक्वेन्स चांगला आहे हे कळत नाही. त्यासाठी माणसाचं पूर्ण डिस्ट्रोफिन जीन घातलेला उंदीर लागतो, नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने त्यात ५२ काढून टाकलेला पण बनवलाय, ५१ आणि ५३ दोन्हींच्या टेस्टिंगला तो उपयोगी.

आणि स्नायूत किती ऑलिगो गेला तो आकडा मोजा, नुसता परिणाम नको. मायोटॉनिक डिस्ट्रोफीत, जिथे विषारी आरएनएच नष्ट करायचा असतो, बॅलिफोर्सेन नावाचं औषध २०१७ मध्ये थांबलं कारण माणसाच्या स्नायूत ते पुरेसं पोचलंच नाही. म्हणून तर आता अँटिबॉडीला किंवा पेप्टाइडला बांधून ऑलिगो स्नायूत ढकलायचे प्रयत्न चाललेत. किडनी पण बघा, ऑलिगो तिथे साठतात, लघवीतलं प्रोटीन ही स्वस्तातली टेस्ट आहे.

आपल्याकडे उंदरांचं काम सुरू करायच्या आधी संस्थेच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि अर्जात किती उंदीर हे आकडेवारीने सिद्ध करावं लागतं. ते कटकट समजू नका, एका गटात चार उंदीर घेऊन ग्रिप स्ट्रेंग्थमधला छोटा फरक दिसत नाही हे तिथेच लक्षात येतं.

मुलांवरची ट्रायल

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कारण डीएमडीत मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत वाढीमुळे चालणं सुधारत असतं, आजार आतून खात असला तरी. त्यानंतर उतरण. आता पाच वर्षांची मुलं घेऊन वर्षभर औषध दिलं तर सगळीच सुधारलेली दिसतील. आईबाबांच्या डोळ्यांना पण. म्हणूनच प्लॅसिबो गट (औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं मिळणारी मुलं) लागतो आणि म्हणूनच "माझ्या ओळखीच्या मुलाला फरक पडला" यावरून काही ठरवता येत नाही, कितीही मनापासून सांगितलेलं असलं तरी.

ड्रिसापर्सेनचं उदाहरण प्रत्येकाने वाचावं असं आहे. तोही एक्सॉन ५१, टू-ओ-मिथाइल केमिस्ट्री, आठवड्याला कातडीखाली इंजेक्शन. ५३ मुलांच्या फेज २ मध्ये २५ आठवड्यांनी सहा मिनिटं चालण्याच्या टेस्टमध्ये प्लॅसिबोपेक्षा ३५ मीटरचा फरक आला, मोठी गोष्ट. मग १८६ मुलांची फेज ३ झाली, २०१३ मध्ये निकाल आला, फरक फक्त १० मीटरच्या आसपास, योगायोगाने येऊ शकेल इतका. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नाकारलं. तोपर्यंत मुलांना इंजेक्शनच्या जागी त्वचेचे त्रास आणि लघवीत प्रोटीन हे सहन करावं लागलं होतं. मोठ्या ट्रायलमध्ये जास्त वाढलेल्या आजाराची मुलं पण होती, त्यामुळे औषध बेकार की मुलांची निवड चुकीची यावर वाद झाला, तो वाद होऊच नये म्हणून निवड आधी विचार करून करायची. विल्टोलार्सेनचं पण तेच, प्रोटीन ५.९ टक्के आलेलं, पण २०२४ मध्ये जाहीर झालेल्या फेज ३ मध्ये जमिनीवरून उठायच्या वेगात प्लॅसिबो गटापेक्षा ठोस फरक दिसला नाही, दोन्ही गट सुधारले होते.

मग ट्रायल डिझाइन करताना काय बघायचं? वय आणि सुरुवातीची चालण्याची ताकद यावरून गट समान करायचे. स्टेरॉइड कुठलं, रोजचं की दिवसाआड, किती महिने बदललेलं नाही, हे समान करायचं, कारण स्टेरॉइडचा परिणाम या औषधांपेक्षा मोठा असू शकतो. म्युटेशन पण समान करायचं, कारण एक्सॉन ४४ वगळून फ्रेम जुळते त्या मुलांचा आजार मुळातच जरा सावकाश जातो, ती एका गटात जास्त पडली तर औषध फुकट नाव कमावेल. ४८ आठवडे माझ्या मते बहुतेक वेळा कमी पडतात, पण आईबाबांना दोन वर्षं प्लॅसिबोचा धोका पत्करा म्हणणं पण सोपं नाही, त्यावर सोपं उत्तर कोणाकडे नाही.

मोजमापाचं म्हणाल तर सहा मिनिटांची चाल मुलाच्या मूडवर फार असते, म्हणून डीएमडीमध्ये २५ मीटरच्या ट्रॅकवर, मागून सांभाळायला एक माणूस चालत, ठरावीक शब्दांत प्रोत्साहन देत ती घेतात. नॉर्थ स्टार म्हणजे १७ कामं, ३४ मार्क, उडी मारणं, टाचेवर उभं राहणं वगैरे. व्हीलचेअरवरच्या मुलांना हे दोन्ही लागू नाही, तिथे हाताचं काम आणि फुप्फुसाची क्षमता मोजायची, आणि अशा मुलांना ट्रायलमधून बाहेरच ठेवायची सवय मला पटत नाही.

भारतात ट्रायलची बातमी आली तर

आधी सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) वेबसाइटवर नोंद शोधा. २००९ पासून ट्रायलची नोंद आधी करणं सक्तीचं आहे. नोंद नसेल तर तिथेच विषय संपला. असेल तर प्रायमरी आउटकम (यश ज्यावर ठरणार ते मुख्य मोजमाप) कुठला लिहिलाय, प्लॅसिबो आहे का, किती आठवडे, हे मोबाईलवर सुद्धा वाचता येतं. आपल्याकडे बंगळुरूचा डार्ट हा ट्रस्ट आणि आयआयटी जोधपूर या लोकांनी स्वस्तातल्या अँटिसेन्सवर काम हाती घेतलेलं आहे, मुंबईत केईएम हे दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, शंका तिथल्या डॉक्टरांना विचारा, फॉरवर्ड पाठवणाऱ्याला नको.

ट्रायलमध्ये औषधाचे पैसे कोणी मागितले तर सरळ उठून या. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचाराची जबाबदारी स्पॉन्सरची असते, ते संमतीपत्रात लिहिलेलं बघा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, घरच्या डॉक्टरांना दाखवा. सात वर्षांच्या वरच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचाही होकार घ्यायचा असतो, तो नाही म्हणाला तर ते नाही धरायचं.

सही करायच्या आधी विचारायचे प्रश्न: बायोप्सी किती आणि कुठल्या स्नायूच्या? डिस्ट्रोफिन कोण मोजणार, वेस्टर्नने का नुसत्या स्लाइडवर? प्लॅसिबो गटातल्या मुलांना नंतर औषध मिळणार का, किती वर्षं, आणि कंपनीने प्रोजेक्ट बंद केला तर? या ट्रायलमध्ये गेलो तर पुढे जीन थेरपीच्या ट्रायलला मुलगा अपात्र ठरेल का? दर आठवड्याला सलाइन लावायला कुठल्या गावाहून कुठे यावं लागेल, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, शाळेचं काय? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सोलापूरहून किंवा सावंतवाडीहून दर आठवड्याला मुंबई म्हणजे आईची किंवा बाबांची नोकरी गेली असंच समजा, आणि मध्येच ट्रायल सोडलेल्या मुलाचा डेटा पण अर्धवट राहतो, त्यामुळे ट्रायलवाल्यांनीही हा हिशोब बजेटमध्ये आधीच धरायला हवा.